नॉर्वेचं मूल दहा महिने घरी राहायला येतं तेव्हा : यजमान कुटुंबासाठी पायरी-पायरीने

ती येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या आणि आपण सगळेच म्हणतो तसं म्हणाल्या, "ये गं रविवारी जेवायला!" रविवारी बरोबर बाराच्या ठोक्याला ही आंघोळ करून, कोपऱ्यावरून निशिगंधाची जुडी घेऊन त्यांच्या दारात हजर. काका बनियनवर, काकू गाऊनमध्ये, गॅसवर कालचीच आमटी. काकूंनी वेळ निभावून नेली, पण संध्याकाळी वर येऊन मला म्हणाल्या, "अगं, मी आपलं बोलायचं म्हणून बोलले!"

बोलायचं म्हणून बोलणं नॉर्वेच्या मुलांना माहीत नसतं. ती शब्द धरतात. विद्यार्थी देवाणघेवाणीतून आलेली एक नॉर्वेजियन मुलगी दहा महिने घरात वाढवल्यावर माझं मत असं झालंय, की धर्म, कपडे, तिखट या मोठ्या गोष्टींवरून फारसं काही अडत नाही. अडतं ते आपण न बोलता गृहीत धरलेल्या बारीकसारीक गोष्टींवरून. त्यामुळे खालच्या बहुतेक पायऱ्यांचा मथितार्थ एकच आहे : तोंडाने सांगा, आणि आधी सांगा.

आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो. घरात मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. ती आली तेव्हा १७ वर्षांची होती, लिलेहामरजवळच्या एका गावातून आलेली. १९९४ चं हिवाळी ऑलिंपिक झालं ते हे लिलेहामर. आमच्याकडे मुलगी होती म्हणून मी 'ती' म्हणते आहे. मुलगा येणार असेल तरी नव्वद टक्के हेच लागू आहे.

पायरी १ : होकार देण्याआधी

आपल्याकडे अशी मुलं बहुधा रोटरीच्या युवा देवाणघेवाण कार्यक्रमातून किंवा एएफएससारख्या संस्थेतून येतात. नॉर्वेत दहा वर्षं शाळा आणि मग तीन वर्षं उच्च माध्यमिक असा क्रम असतो. त्या तिनांतलं मधलं वर्ष परदेशात काढायची तिथे चांगली रुळलेली पद्धत आहे. म्हणजे तुमच्याकडे येणारं मूल १६-१७ वर्षांचं असणार, पाहुणा नाही आणि पेइंग गेस्टही नाही. यजमानाला याचे पैसे मिळत नाहीत. राहायला जागा आणि तीन वेळचं जेवण आपलं, बाकीचा खर्च मुलाचा किंवा संस्थेचा. नेमकं कुणाचं काय, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. कॉलेजची फी, बसचा पास, डॉक्टर, सहलीचं तिकीट, मोबाईलचं रिचार्ज या पाच गोष्टींचे पैसे कोण भरणार, हे आम्ही विचारलं नव्हतं. पुढे तीन महिने नवरा आणि संस्थेचे समन्वयक एकमेकांना 'तुम्ही राहू द्या, आम्ही बघतो' म्हणत राहिले आणि दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.

एक कुटुंब की अनेक, हेही विचारा. रोटरीत वर्षभरात दोन-तीन घरं बदलायची पद्धत आहे. एएफएसमध्ये बहुतेक वेळा एकाच घरी वर्ष निघतं. दारू, ड्रग्ज, गाडी चालवणं आणि प्रेमप्रकरण यांबद्दलचे नियम संस्था लेखी देते. तो कागद फ्रीजवर लावायचा नाही, पण वाचून ठेवायचा. नॉर्वेत १८ व्या वर्षी बिअर विकत घेता येते, महाराष्ट्रात त्यासाठी २१ पूर्ण लागतात आणि कडक दारूसाठी २५. दिवाळीच्या पार्टीत एखादा हौशी भाऊजी ग्लास पुढे करतोच, त्यालाही आधी सांगून ठेवा.

आणि घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय होकार देऊ नका. विचारा म्हणजे खरंच विचारा, निर्णय कळवू नका. दिवसभर घरी तेच असतात.

पायरी २ : ती यायच्या आधीचे दोन महिने

दोन-तीन व्हिडिओ कॉल करा. नॉर्वेचं घड्याळ आपल्यामागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. आपले रात्रीचे आठ म्हणजे त्यांची दुपार टळलेली असते, ती वेळ सोयीची. या कॉलमध्ये विचारायच्या गोष्टी : शेंगदाण्याची किंवा दुसरी कसली ॲलर्जी आहे का (आपल्या स्वयंपाकात कूट कुठे कुठे जातं ते आठवून बघा), रोजचं औषध, मांसाहाराची सवय, आणि कावीळ-अ, टायफॉइड, रेबीज यांच्या लसी घेतल्यात का.

तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, ते याच कॉलमध्ये ठरवून टाका. नॉर्वेत शिक्षकांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. एकेकाळी आदरार्थी सर्वनाम होतं, ते गेल्या दोन पिढ्यांत जवळजवळ नाहीसं झालं. तिने पहिल्या दिवशी मला नुसत्या नावाने हाक मारली आणि सासूबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. मग मी 'काकू' झाले, नवरा 'काका', सासूबाई सगळ्यांच्याच 'आजी'. याला तिची काहीच हरकत नव्हती. फक्त आधी कुणी सांगितलं नव्हतं.

खोलीचं म्हणाल तर स्वतंत्र पलंग आणि आतून लागणारी कडी एवढं पुरे. नॉर्वेची माणसं हिवाळ्यातसुद्धा खिडकी किलकिली ठेवून झोपतात, म्हणून खिडकीला जाळी बसवून घ्या. नाहीतर जुलैत डासांची मेजवानी. विजेचा दाब दोन्हीकडे सारखाच आहे. फोनच्या चार्जरच्या बारीक दोन पिना आपल्या सॉकेटमध्ये ढिल्या का होईना बसतात, लॅपटॉपचा जाड गोल प्लग बसत नाही. एक ॲडॅप्टर आणून ठेवा.

पायरी ३ : पहिले तीन दिवस

नातेवाइकांना बोलावू नका. आम्ही बोलावले. पहिल्या संध्याकाळी घरात चौदा माणसं होती आणि प्रत्येकाने तिला 'हाऊ डू यू लाइक इंडिया' विचारलं. तिने तोवर विमानतळ, द्रुतगती महामार्ग आणि आमचा जिना एवढाच भारत पाहिला होता.

पहिल्या तीन दिवसांत शिकवायच्या गोष्टी खरं तर चारच आहेत, आणि चारही जिवाशी संबंधित आहेत.

रस्ता ओलांडणं. नॉर्वेत झेब्रा पट्ट्यापाशी नुसतं उभं राहिलं तरी गाड्या थांबतात. त्यामुळे ही मुलं पट्टा दिसला की सरळ पाऊल टाकतात. वर तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे ती आधी डावीकडे बघतात आणि आपली बस येते उजवीकडून. सातारा रस्त्यावर पहिल्याच दिवशी मी तिचं दप्तर धरून मागे ओढलं. पुढचा आठवडाभर रोज सकाळी पंधरा मिनिटं आम्ही दोघी फक्त रस्ता ओलांडत होतो, पलीकडे आणि अलीकडे. कोपऱ्यावरचा फुलवाला विचारायचा, "ताई, काही हरवलंय का?"

पाणी. तिकडे नळाचंच नव्हे, डोंगरातल्या ओढ्याचंही पाणी ओंजळीने पितात. 'उकळलेलं किंवा फिल्टरचं' हे सांगितलं तर ऐकतील, पण दात घासताना, उसाच्या रसातला बर्फ, पाणीपुरीचं पाणी हे वेगवेगळं सांगावं लागतं. शब्द धरतात म्हटलं ना!

कुत्री. नॉर्वेच्या मुख्य भूमीवर रेबीज नाही. रस्त्यावरचं कुत्रं दिसलं की ही मुलं गुडघ्यावर बसून त्याच्या गळ्यात हात टाकतात. चावा किंवा साधा ओरखडासुद्धा लपवायचा नाही, लगेच घरी सांगायचं, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शनसाठी दवाखान्यात जायचं. लस आधी घेतली असली तरी जायचंच.

चौथं, पोहणं. त्यांना शाळेत पोहायला शिकवतात आणि उन्हाळ्यात सगळी तळ्यात नाहीतर फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाडीत असतात. खडकवासल्याचं पाणी बघून तिचे डोळे चमकले. धरण, विहीर, नदीतले रांजणखळगे, पावसाळ्यातला धबधबा, यांतलं काहीही नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. पोहायचं असेल तर तलावाचा महिन्याचा पास काढून द्या. या एका बाबतीत मी मैत्रीण वगैरे झाले नाही, सरळ दम दिला.

पायरी ४ : कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळाल तर महागात पडेल. परदेशी नागरिक घरी उतरला की यजमानाने २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन माहिती भरायची असते. सगळे त्याला 'सी फॉर्म' म्हणूनच ओळखतात. व्हिसा १८० दिवसांपेक्षा मोठा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते, तीही 'ई-एफआरआरओ'च्या संकेतस्थळावर. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, फोटो, कॉलेजचं बोनाफाइड आणि तुमच्या पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. बोनाफाइडलाच सगळ्यात जास्त दिवस जातात. ती यायच्या आधीच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन ते काम पुढे सरकवून ठेवा. आमची नोंदणी तेराव्या दिवशी झाली, तीसुद्धा नवऱ्याने रजा टाकली म्हणून.

मोबाईलच्या सिमसाठी पासपोर्ट, व्हिसा आणि तुमचा स्थानिक नंबर लागतो. घराजवळच्या टपरीपेक्षा कंपनीच्या मोठ्या दुकानात जा. पैशांचं म्हणाल तर नॉर्वेत रोख रक्कम जवळपास हद्दपार झाली आहे. तिला नोटा हाताळायची सवयच नव्हती आणि 'सुट्टे द्या' हे तिने शिकलेलं पहिलं मराठी वाक्य. घासाघीस तिकडे नाही. तुळशीबागेत पहिल्यांदा तुम्ही बरोबर जा, नंतर एकटीला सोडा. थोडी फसेल, फसू द्या.

पायरी ५ : जेवण

तिखटाची सगळे चिंता करतात. ते महिन्याभरात सुटतं. वरण-भात-तूप, शिरा, साबुदाण्याची खिचडी, घावन यांपासून सुरुवात करा, मिरची बाजूला काढून दाखवा, पुढे आपोआप होतं. खरी अडचण वेळेची असते.

नॉर्वेत मुख्य जेवण दुपारी चार-पाचला होतं. त्याला नाव आहे 'मिद्दाग', म्हणजे शब्दशः मध्यान्ह. दुपारी शाळेत ते गरम जेवत नाहीत. घरून पावाचे तुकडे नेतात, वर चीज किंवा काहीतरी पसरलेलं आणि मध्ये पातळ कागद घातलेला. त्या डब्याला 'मातपाक्के' म्हणतात. रात्री झोपायच्या आधी परत थोडा पाव. आपण रात्री नऊला जेवतो. म्हणजे पाच वाजता तिला कडकडून भूक लागणार आणि आपण तिला चहा-बिस्कीट देणार. पहिला महिना ती रात्रीच्या जेवणाला थकलेली, चिडलेली असायची. मला वाटायचं, घरची आठवण येतेय. आठवण नव्हती, भूक होती. मग पाच वाजता पोहे, उपमा, थालीपीठ असं पोटभरीचं सुरू केलं आणि घरातलं हवामान सुधारलं.

आग्रह. हा स्वतंत्र विषय आहे. नॉर्वेत एकदा 'नको' म्हटलं की विषय संपतो. आपल्याकडे पहिला 'नको' हा नुसता उपचार असतो. पहिल्या श्रावणातल्या जेवणात तिने चार पुरणपोळ्या खाल्ल्या, कारण सासूबाई वाढत होत्या आणि तिला वाटलं, इथे नाही म्हणायची सोय नसावी. रात्री पोट धरून बसली. उलट आमचा मुलगा तिच्या आईशी व्हिडिओवर बोलताना म्हणाला, 'नको नको, चॉकलेट पाठवू नका', आणि त्यांनी खरंच पाठवलं नाही. ते दुःख तो अजून उगाळतो. तिला एक वाक्य शिकवून ठेवा : 'पोट भरलं, खरंच.' यातला 'खरंच' महत्त्वाचा. जेवण झाल्यावर ती रोज स्वयंपाक करणाऱ्याकडे बघून 'ताक फॉर मातेन' म्हणायची, जेवणाबद्दल धन्यवाद. तिच्या घरी न म्हणता उठणं उद्धटपणाचं. सासूबाईंना पहिल्यांदा वाटलं, ही ताक मागतेय. दोन दिवस रोज वाटीभर ताक मिळालं तिला.

ती येताना दोन वस्तू घेऊन आली होती. एक तपकिरी चीज, 'ब्रूनोस्त'. दुधाच्या निवळीत साय घालून आटवतात, पार तपकिरी होईपर्यंत. तिच्या खोऱ्यातल्या अ‍ॅने होव्ह नावाच्या बाईने १८६३ मध्ये ते पहिल्यांदा तसं केलं. चव सांगायची तर सातारी कंदी पेढ्यात कुणीतरी चुकून मीठ घातलंय. सासूबाईंनी एक तुकडा चाखला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "खवा करायला निघाली आणि पोळीबरोबर खायचं ठरवलं." दुसरी वस्तू म्हणजे ते चीज कापायचं उलथनं. चपटं पातं, मध्ये एक धारदार फट, ओढलं की कागदासारखा काप निघतो. ते लिलेहामरच्याच थोर ब्योर्क्लुंड नावाच्या सुताराने शोधलं, १९२५ मध्ये पेटंट घेतलं. चीज पंधरा दिवसांत संपलं. उलथनं सासूबाईंनी ताब्यात घेतलं आणि कच्च्या केळ्याचे काप त्यावर करायला लागल्या.

एक बारीक गोष्ट : उपवासाचे दिवस तिला आधी सांगा. चतुर्थीला 'आज काकू जेवत नाही' एवढंच कळलं तर तिला वाटतं, भांडण झालंय.

पायरी ६ : बंद दार, गप्प बसणं आणि श्वास आत ओढून 'हो'

कॉलेजातून आली की ती खोलीत जाऊन दार लावायची. तासभर. आपल्याकडे दिवसाढवळ्या दार लावलं म्हणजे रुसवा, नाहीतर लपवाछपवी. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी सहा वेळा दार वाजवलं, चहा, केळं, 'काही हवंय का', परत चहा. शेवटी मी तिला विचारलं. ती म्हणाली, दिवसभर चाळीस माणसांत असते, तास हवा असतो. तिच्या घरी तिघांसाठी पाच खोल्या आणि बाहेर जंगल. आम्ही ठरवलं, साडेतीन ते साडेचार दार बंद, त्यानंतर उघडं. असं घड्याळ लावून ठरवणं मला आधी कसंसंच वाटलं, पण दोन्ही बाजूंना सोयीचं पडलं.

गप्प बसण्याचंही तसंच. नॉर्वेची माणसं जेवताना, गाडीत, शेजारी बसूनही शांत राहू शकतात आणि त्यांना त्यात काही अवघडल्यासारखं होत नाही. विषय काढत बसू नका.

आणि तो श्वास! तिकडे बरीच माणसं 'या' म्हणजे 'हो' म्हणताना श्वास बाहेर सोडत नाहीत, आत ओढतात. दचकल्यासारखा बारीक आवाज येतो. सासूबाई तिला काही सांगत होत्या आणि ही दर वाक्याला आत श्वास घेत मान डोलवत होती. रात्री मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला दमा आहे, कागदावर लिहिलेलं नाही त्यांनी." तोवर छातीला व्हिक्स चोळून झालं होतं. तीही बिचारी गप्प बसून चोळून घेत होती, स्वागताची प्रथा समजून.

यात एक पथ्य आपल्यासाठीही आहे. 'जाड झालीस', 'पुटकुळ्या किती आल्यात', 'बाबांचा पगार किती' हे आपण मायेने विचारतो. तिथे हे कुणी कुणाला विचारत नाही. नातेवाइकांना सांगून ठेवा, ऐकणार नाहीत, तरी सांगा.

मुलांवर हात उगारण्याबद्दल तर फारच जपा. नॉर्वेत आईबापांनी मुलाला चापट मारणंही १९८७ पासून कायद्याने बंद आहे. आमच्या चिरंजिवांनी गणिताची वही लपवली म्हणून मी पाठीत एक धपाटा घातला, नेहमीसारखाच. ती ताटावरून उठली नाही, पण घास खाली ठेवला आणि विचारलं, "हे चालतं का इथे?" चेहऱ्यावर राग नव्हता, खरोखर प्रश्न होता. उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला धपाटे केले होते, त्यावरून मुलाने जे काही विनोद केले ते सोडून द्या, पण तेव्हापासून माझा हात आवरला गेला आहे हे खरं.

घरकामाला येणाऱ्या बाईंशी वागण्याचाही प्रश्न येतो. ती स्वतःचं ताट घासायला जायची, बाईंना वाटायचं आपलं काम काढून घेतायत. मधला मार्ग निघाला : ताट ती उचलणार, खरकटं काढणार, घासणार बाई. आमचा मुलगा मात्र आजवर ताट जागेवर ठेवून उठत होता. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मी नऊ वर्षं बोलून जे झालं नव्हतं ते एका बघण्यात झालं.

मासिक पाळीबद्दल पहिल्याच आठवड्यात स्पष्ट बोला. पॅड कशात गुंडाळून कुठे टाकायचं, कमोडमध्ये का नाही, आणि तुमच्या घरात देवाचं काही पाळत असाल तर तेही. आम्ही पाळत नाही, पण सासूबाईंच्या बहिणीकडे पाळतात. तिथे जाताना तिला आधी सांगितलं. तिला पटलं नाही, पण बाहेरच्या खोलीत बसली आणि परत येताना रिक्षात तासभर वाद घातला. असं झालेलं परवडतं. तिथे गेल्यावर कळलं असतं तर परवडलं नसतं.

पायरी ७ : भाषा आणि 'बघू'चा अर्थ

इंग्रजी तिला उत्तम येणार, त्यामुळे मराठी राहूनच जातं. रोज रात्रीच्या जेवणाला अर्धा तास फक्त मराठी, असा नियम करा.

इथे एक गंमत आहे. पूर्व नॉर्वेच्या बोलीत ट, ड, ण यांच्यासारखे जीभ मागे वळवून काढायचे उच्चार असतात, आणि एक जाड 'ल'ही असतो. म्हणून आमच्या पाहुणीला 'बाळ', 'गूळ', 'पाणी' जवळजवळ पहिल्या फटक्यात जमलं. तुमचं मूल बर्गनचं असेल तर मात्र तिकडे हे उच्चार नाहीत आणि 'र' घशातून येतो. मग धीर धरा. 'नवा' म्हणजे 'न्यी', 'नाव' म्हणजे 'नाव्न' आणि 'तू' म्हणजे 'दू' हे कळल्यावर ती वहीत अशा जोड्या लिहायला लागली.

तू-तुम्ही मात्र सोपं नाही. आईला तू, बाबांना कुठे तू कुठे तुम्ही, आजीला तू पण शेजारच्या आजींना तुम्ही, देवाला तू! याचं सूत्र मला सांगता आलं नाही. 'चुकलीस तर लोक हसतील, रागावणार नाहीत' एवढंच सांगितलं.

शब्दकोशात नसलेले अर्थ लिहून द्या. आम्ही फ्रीजवर यादी लावली होती :

बघू – नाही.
पाच मिनिटांत निघू – अजून आंघोळ व्हायची आहे.
या कधीतरी – यायचं नाही. दिवस आणि वेळ सांगितली, आणि नंतर फोनही केला, तर यायचं.
काही नाही गं – बरंच काही आहे, दहा मिनिटांनी परत विचार.

सगळ्यात जास्त उपयोग 'बघू'चा झाला. त्याआधी तिने गोव्याला जायचं विचारलं होतं, नवरा 'बघू' म्हणाला होता आणि ती तीन आठवडे वाट बघत होती.

पायरी ८ : कॉलेज

तिला अकरावीत बसवतात. पाठांतर, जर्नल, 'मे आय कम इन सर' हे सगळं नवीन. नॉर्वेत १ ते ६ असे गुण असतात आणि शिक्षकाशी वाद घालणं चांगल्या विद्यार्थ्याचं लक्षण मानतात. त्याबद्दल वर्गशिक्षकांना आधी भेटून कल्पना द्या. परतल्यावर तिथल्या शाळेला हे वर्ष मान्य करायला विषयांचा आणि हजेरीचा दाखला लागतो. मार्चमध्येच अर्ज करा, कारण मे महिन्यात ऑफिसात कुणी सापडत नाही. बाकी कॉलेजात मुलं मुलांना सांभाळून घेतात, तुम्ही फार लुडबूड करू नका.

पायरी ९ : रविवार

घरात बसवून ठेवू नका. रविवारी पायी डोंगरात जाणं हा तिकडे जवळजवळ नेम असतो, पाऊस असो वा बर्फ. आम्ही सिंहगडला गाडीने जातो, वर झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही खातो आणि येतो. तिला हे कळेना. डोंगर असताना गाडी कशाला? दुसऱ्या खेपेला ती आणि मुलगा पायथ्यापासून चालत आले. ती आधी पोचली, तो पाऊण तासाने आला, लाल झालेला. आता तो महिन्यातून एकदा स्वतःहून जातो. नॉर्वेत कुणाच्याही मालकीच्या रानातून चालायचा हक्क १९५७ च्या कायद्याने दिलेला आहे. इथे कुंपण दिसलं की थांबायचं, हे सांगावं लागतं.

पायरी १० : डिसेंबर सांभाळा

जुलै-ऑगस्ट नवलाईत जातो, मग गणपती, नवरात्र, दिवाळी, श्वास घ्यायला फुरसत नाही. नोव्हेंबर संपला की एकदम पोकळी येते. तिकडे तेव्हा दुपारी तीनच्या सुमाराला सूर्य मावळतो, खिडक्या-खिडक्यांत कागदी तारे लागतात आणि घरी पहिली बिस्किटं भाजली जातात. इथे लख्ख ऊन. तिला रडू यायचं आणि का ते सांगता यायचं नाही. रोज रात्री घरी तासभर फोन सुरू झाला की समजायचं. फोन बंद करू नका, पण संध्याकाळी हाताला काम द्या.

तिकडे नाताळात तांदळाची खीर करतात, त्यात एकच बदाम लपवायचा, ज्याला सापडेल त्याला बदाम-साखरेचं डुक्कर बक्षीस. सासूबाईंनी २४ तारखेला पातेलंभर खीर केली, काजू-बेदाणे न घालता, फार नाइलाजाने. बदाम-साखरेचं डुक्कर मिळेना. गोव्याहून मैत्रिणीने काजूचं मार्झिपान पाठवलं होतं, त्याचं तिने कान-नाक काढून डुक्कर वळलं. वेलदोड्याचा वास आला तशी ती पातेल्यावर वाकली, तिच्या आजीच्या पावात हाच वास असतो म्हणाली. नॉर्वेत गोड पावात वेलदोडा घालतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. बदाम सासूबाईंना सापडला. त्यांनी तो गालात दाबून धरला आणि शेवटची वाटी चाटून होईपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तिकडेही असंच करतात म्हणे.

पायरी ११ : निघताना

१७ मे हा त्यांचा राष्ट्रीय दिवस. १८१४ मध्ये आइड्सव्होल इथे राज्यघटना झाली, तो. लष्करी संचलन नसतं, शाळेच्या मुलांची मिरवणूक आणि दिवसभर आइस्क्रीम. परतीच्या थोडं आधी येतो, तेवढा साजरा करून द्या. आम्ही गच्चीवर सोसायटीतली अकरा पोरं, कागदी झेंडे आणि मस्तानी, एवढ्यात भागवलं.

सामानाची यादी महिनाभर आधी सुरू करा. विमान कंपनी किती किलो नेऊ देते ते तिकिटावर बघा आणि घरी काट्यावर तोला. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपबाहेरून नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप बाद. गोडा मसाला, चिक्की, लाह्यांचं पीठ, सुकी चटणी चालते, वेष्टन बंद आणि लेबल लावलेलं असलेलं बरं. व्हिसाची शेवटची तारीख आणि तिकिटाची तारीख शेजारी-शेजारी ठेवून एकदा तपासा.

आमच्या पाहुणीचं वजन दोन किलो जास्त भरलं. तिने दोन जीन्स आणि एक लोकरी स्वेटर बाहेर काढला आणि पितळी सोऱ्या ठेवला, चकलीच्या चकतीसकट. उलथनं तिने मागितलं नाही. सासूबाईंनी ते रात्रीच धुऊन, पुसून तिच्या पिशवीवर ठेवलं होतं. सकाळी ती गेल्यावर बघितलं तर ते परत ओट्यावर होतं, केळ्यांच्या फणीशेजारी.